नऊ बाहुल्या

नॉर्वेच्या इब्सेनचं 'मास्टर बिल्डर' हे नाटक आम्ही काही जणांनी मिळून मोठ्यानं वाचायचं ठरवलं, तेव्हा हिल्डेच्या, त्यातल्या तरुण पाहुणीच्या, भूमिकेसाठी तिघी अडून बसल्या होत्या. सॉल्नेस, म्हणजे घरं बांधणारा नायक, व्हायलाही दोघे तयार होते. त्याची बायको अलीन मात्र कुणालाच नको होती. काळे कपडे, उतरलेला चेहरा, आणि दर चार वाक्यांनी 'ते माझं कर्तव्यच आहे'. मी तेवीस वर्षांची होते आणि गटात नवीन होते, त्यामुळे अलीन माझ्या गळ्यात पडली.

तिसऱ्या अंकात अलीन आणि हिल्डे व्हरांड्यात बोलत बसतात. अलीनचं माहेरचं जुनं घर काही वर्षांपूर्वी जळालेलं असतं. त्या धक्क्यानं तिला ताप आला होता. तापातही मुलांना अंगावर पाजणं हे आपलं कर्तव्य म्हणून ती पाजत राहिली, आणि तिची जुळी तान्ही मुलं गेली. हिल्डे हळूच त्या मुलांचा विषय काढते. अलीन म्हणते, त्यांचं काय, ती सुखात आहेत. वरून आलेली आज्ञा होती, मान तुकवायची. जीव तुटतो तो बारीकसारीक गोष्टींपायी. भिंतीवरच्या जुन्या तसबिरी जळाल्या. कितीतरी पिढ्या घरात असलेले रेशमी कपडे जळाले. आईची, आजीची लेस गेली, दागिने गेले. आणि बाहुल्या. नऊ सुंदर बाहुल्या होत्या माझ्या.

मी ते वाचलं आणि सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही हसले. दोन लेकरं गेलेली बाई बाहुल्यांसाठी रडते! पुढची वाक्यं तशीच घाईघाईनं उरकली. लग्नानंतरही ती त्या बाहुल्या नवऱ्याच्या नकळत जपत होती. त्यांच्यातही जीव होता म्हणते. न जन्मलेल्या बाळांसारखं त्यांना तिनं काळजाखाली वागवलं होतं. त्यांना वाचवायचं आगीच्या रात्री कुणाच्या मनातही आलं नाही. आम्हाला घाई होती ती मनोऱ्याची, सॉल्नेस परांची चढून हार घेऊन वर जातो त्या प्रसंगाची. तो प्रसंग आमच्या सॉल्नेसनं आणि हिल्डेनं असा काही वाचला की नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्या वाचनाला आता पुष्कळ वर्षं झाली. मनोरा अजून आठवतो. पण मधूनमधून अवेळी आठवतात त्या बाहुल्या, आणि आपण हसलो तेही. त्यांच्यापायीच मी इब्सेनची शेवटची नाटकं पुन्हा वाचायला घेतली.

आपल्याकडे इब्सेन म्हणजे 'डॉल्स हाउस'मधली नोरा. तिनं 1879 साली आपटलेलं दार अजून आपल्या कानात आहे, आणि त्या आवाजात त्याचं पुढचं बरंच काही ऐकूच येत नाही. शेवटची नाटकं चार. 'मास्टर बिल्डर' 1892 सालचं, 'लिटल आयोल्फ' 1894, 'युन गाब्रिएल बोर्कमन' 1896 आणि 'व्हेन वी डेड अवेकन' 1899. सत्तावीस वर्षं रोम, ड्रेस्डेन, म्युनिक अशी परदेशात काढून इब्सेन 1891 साली नॉर्वेत परतला आणि क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, स्थायिक झाला. रोज ठरल्या वेळी घरातून निघून ग्रँड कॅफेत जाऊन बसणारा, उंच टोपी घातलेला, जगप्रसिद्ध म्हातारा. टोपीच्या आत छोटा आरसा लावलेला असे म्हणतात. अभ्यासिकेत त्यानं स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गचं मोठं चित्र टांगलं होतं. ज्याला तो शत्रू मानत होता, त्याच्या वेडसर डोळ्यांच्या पहाऱ्यात त्याला लिहायला हुरूप येई. दर दोन-तीन वर्षांनी, नाताळच्या आधी, कोपनहेगनहून नवं नाटक छापून येई. चौथ्याला त्यानं उपशीर्षक दिलं 'नाट्यमय उपसंहार', आणि मग एका पत्रात मान्य केलं की या उपसंहारानं संपणारी मालिका 'मास्टर बिल्डर'पासूनच सुरू झाली होती. म्हणजे चार नाटकं एकत्र वाचा, असं सांगणारा पहिला माणूस तो स्वतःच.

एकत्र वाचली की सारखेपणा लपत नाही. चारपैकी तिघांत मध्यभागी एक थकलेला, मोठा, आपल्या कामापायी कुणाचा तरी बळी दिलेला पुरुष. सॉल्नेस घरं बांधतो, बोर्कमन बँक चालवून खाणींचं साम्राज्य उभारायला निघालेला, रुबेक शिल्पकार. तिघांच्या आयुष्यात एक बाई मागचा हिशेब घेऊन येते. आणि तिघंही शेवटच्या अंकात घराबाहेर पडून वर चढतात आणि मरतात. सॉल्नेस मनोऱ्यावरून पडतो, बोर्कमन बर्फाळ डोंगरावरच्या बाकावर गोठतो, रुबेकवर बर्फाचा कडा कोसळतो.

ज्या माणसानं युरोपच्या रंगभूमीला दिवाणखान्यात आणून बसवलं, सोफा, दिवा, बंद दार, पत्राची पेटी एवढ्या सामानावर शोकांतिका उभी केली, तोच शेवटी भिंती काढून टाकतो. 'बोर्कमन'च्या चौथ्या अंकात तर पात्रं चालत राहतात आणि त्यांच्यामागचा देखावा हळूहळू बदलत, रानटी होत जातो अशी रंगसूचना आहे. नेपथ्यकारानं कपाळाला हात लावावा अशीच. एडवर्ड मुंक या नाटकाला नॉर्डिक कलेतलं सर्वांत प्रभावी हिवाळी निसर्गचित्र म्हणत असे. चित्रकाराला ते चित्र दिसलं यात नवल नाही.

आता या सगळ्याचा अर्थ काय लावायचा? सर्वांत रुळलेला अर्थ असा: हा म्हाताऱ्या कलावंताचा कबुलीजबाब आहे. कलेपायी जगायचं राहून गेलं, माणसं वापरली, आता पश्चात्ताप होतोय. या अर्थाला पुरावेही हवे तेवढे मिळतात. 1889 सालच्या उन्हाळ्यात टिरोलमधल्या गोसेनसास गावी एकसष्ट वर्षांच्या इब्सेनला एमिली बार्दाख ही अठरा वर्षांची व्हिएन्नाची मुलगी भेटली. पत्रव्यवहार झाला, मग त्यानं तो थांबवला. पुढे तिच्याविषयी तो एका परिचिताजवळ जे बोलला ते नोंदलं गेलं आहे. अर्थ असा, की मी काही तिच्या हाती लागलो नाही, तीच माझ्या हाती लागली, नाटकासाठी. झाली हिल्डे! 1891 सालीच तरुण लेखक क्नुट हामसुननं क्रिस्तियानियात व्याख्यान देऊन जुन्या लेखकांची सालं काढली, आणि इब्सेन समोर बसून ऐकत होता. पुढच्याच वर्षी सॉल्नेस म्हणतो की तरुण पिढी येऊन दार ठोठावेल, आणि त्याच क्षणी दारावर खरोखर थाप पडते, हिल्डे आत येते. (असली बाळबोध युक्ती एखाद्या नवख्यानं वापरली असती तर आपण त्याला हसलो असतो. इब्सेननं केली की अंगावर काटा येतो. हा अन्याय आहे, पण आहे.) त्याहून मागे गेलं तर ग्रिमस्टॅडचं औषधाचं दुकान आहे. तिथं उमेदवारी करताना अठराव्या वर्षी त्याला मोलकरणीपासून मुलगा झाला. त्याच्या पालनपोषणाचे पैसे त्यानं वर्षानुवर्षं दिले. आयुष्यात जागा दिली नाही.

हे सगळं खरं आहे, आणि वाचायला चटकदारही आहे. पण हा अर्थ लावला की माझी एक अडचण होते. सगळा उजेड पुन्हा त्याच पुरुषावर पडतो. आधी त्याचं कर्तृत्व पाहायचं, मग त्याचा पश्चात्ताप पाहायचा. अलीन, बोर्कमनची एला, रुबेकची इरेने या त्याच्या पश्चात्तापाच्या सामग्रीत जमा. आणि आश्चर्य म्हणजे ही अडचण माझ्याही आधी इब्सेनच्या लक्षात आली होती. शेवटच्या नाटकाचा दुसरा अंक जवळजवळ तिच्यावरच उभा आहे.

रुबेकनं तरुणपणी 'पुनरुत्थानाचा दिवस' नावाचं शिल्प केलं. मरणातून जागी होणारी एक निर्मळ तरुणी. तिच्यासाठी इरेने मॉडेल म्हणून उभी राहिली, घरदार सोडून. रुबेकनं तिला कधी स्पर्श केला नाही, कारण कला पवित्र. काम संपल्यावर त्यानं तिचे हात हातात घेऊन आभार मानले आणि म्हणाला, हे माझ्यासाठी एक सुंदर प्रकरण होतं. त्या एका शब्दावर ती निघून गेली. कितीतरी वर्षांनी ती परत भेटते ती पांढऱ्या कपड्यांत, आपण मेलेलो आहोत असं सांगत, मागे सावलीसारखी काळ्या कपड्यांतली नन. तेव्हा रुबेक तिला सांगतो की ते शिल्प नंतर बदललं. त्यानं चौथरा वाढवला. जमिनीला भेगा पाडल्या, त्यांतून जनावरांचे चेहरे दडवलेली माणसं वर येताना दाखवली. इरेनेची मूर्ती थोडी मागे सरकवली. चेहऱ्यावरचा आनंदाचा उजेडही जरा कमी केला, रचनेत बसेना म्हणून. आणि पुढे, एका झऱ्याकाठी, स्वतःला बसवलं, अपराधाच्या भारानं वाकलेला, वाहत्या पाण्यात बोटं धुत राहिलेला, कधीच मोकळा न होणारा माणूस. हा मी, तो सांगतो. पश्चात्तापाचं शिल्प.

त्यावर इरेने एकच शब्द उच्चारते: कवी! रुबेक विचारतो, कवी का? तिच्या उत्तराचा आशय असा, की तू मऊ आणि आळशी आहेस, स्वतःच्या सगळ्या पापांना तू आधीच क्षमा करून बसलास. आधी माझा जीव घेतलास, मग स्वतःला पश्चात्तापात घडवलंस, आणि झाला तुझा हिशेब चुकता.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक उलटं ठेवून उठले. कबुलीजबाबाचा सगळा सिद्धान्त या एका वाक्यात कोसळतो. शेवटच्या नाटकांकडे केवळ इब्सेनचा पश्चात्ताप म्हणून पाहणारा टीकाकार नेमकं रुबेकनं केलं तेच करतो. बाईला चौथऱ्यावर मागे सरकवतो आणि म्हाताऱ्याला झऱ्याकाठी बसवतो. इब्सेनला पश्चात्ताप झाला नसेल असं मी म्हणत नाही, झालाही असेल. पण पश्चात्तापाचीसुद्धा कलाकृती होते आणि तीही कुणाला तरी मागे ढकलूनच उभी राहते, हे त्याला दिसलं होतं, आणि ते त्यानं आरोप म्हणून इरेनेच्या तोंडी घातलं.

हे नाटक काही निर्दोष नाही. विल्यम आर्चरनं आयुष्यभर इब्सेनची भाषांतरं केली, पण या शेवटच्या नाटकात त्याला उतरतीच दिसली. उलट अठरा वर्षांच्या जेम्स जॉइसनं 1900 साली 'फोर्टनाइटली रिव्ह्यू'त त्यावर स्तुतीचा मोठा लेख लिहिला. माझं मत दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. माणसांची नुसती हाडं उरली आहेत, मांस कमी. रुबेकची तरुण बायको माया तर मला फारच कोरडेपणानं लिहिलेली वाटते. पण तिच्या वाट्याला एक गोष्ट आली आहे. रुबेकनं लग्नाआधी तिला वचन दिलेलं असतं की तुला उंच डोंगरावर नेईन आणि जगाचं सगळं वैभव दाखवीन. पुढे कळतं की अगदी हेच वचन इरेनेलाही दिलं होतं. शाळेत असताना पोरांना खेळायला बोलवायचं असलं की तो हेच वाक्य वापरायचा! सगळी दिव्य भाषा एका फटक्यात गल्लीतल्या पोराच्या थापेत उतरते. ज्याला इब्सेनमध्ये विनोद सापडत नाही त्यानं ही जागा पाहावी.

आणि शेवट. वादळ येतं, माया अस्वलांच्या शिकाऱ्याबरोबर खाली निघून जाते. इरेने आणि रुबेक मदतीची वाट न पाहता धुक्यातून वर, शिखराकडे निघतात. कडा कोसळतो. इथे पडदा पडला असता तर ते चढणाऱ्यांचं नाटक झालं असतं. पडत नाही. नन येते, शून्यात क्रूस काढते, शांती लाभो म्हणते. आणि खालून, खूप खालून, मायाचं गाणं ऐकू येतं, मी मोकळी, मी मोकळी. तिचं मोकळेपण मला फारसं खरं वाटत नाही, त्या शिकाऱ्याबरोबर ती कितपत मोकळी राहील देव जाणे. पण इब्सेनच्या रंगभूमीवरचा शेवटचा आवाज खालून येतो.

मग मी आधीच्या नाटकांचे शेवट पुन्हा काढून पाहिले, चढणाऱ्याकडे न बघता. खाली कोण उरलं आणि ते काय करतं, एवढंच.

'मास्टर बिल्डर'मध्ये सॉल्नेस पडतो तेव्हा अलीन मूर्च्छा येऊन मागे कोसळते, बायका तिला झेलतात. हिल्डे मात्र वरच बघत असते. तिला हवेत वीणा ऐकू येतात. माझा मास्टर बिल्डर, असं ओरडत ती शाल हलवत राहते. एक बाई वर बघतेय, एक जमिनीवर आहे, आणि आम्ही सगळे वाचताना हिल्डेबरोबर वरच बघत होतो. पण त्याआधी काय झालं होतं? बाहुल्यांच्या त्या संवादानंतर सॉल्नेस येतो तेव्हा हिल्डे गारठलेली असते. थडग्यातून वर आल्यासारखं वाटतंय म्हणते. तिला निघून जायचं असतं. जिला आपण ओळखतो तिच्या वाट्याचं काढून घेणं तिला जमणार नाही. तोवर ती दांडग्या सदसद्विवेकबुद्धीच्या गोष्टी करत होती, सुखाच्या आड येईल त्याला तुडवून जाणाऱ्या. नऊ बाहुल्यांनी तिला थांबवलं. थोडाच वेळ, पण सगळ्या नाटकात तिला थांबवू शकलेली ती एकच गोष्ट. मग दोघं पुन्हा हवेतल्या महालांवर बोलू लागतात, आणि ती वेळ निघून जाते.

आणखी एक जागा आहे, आमच्या वाचनात सरळ निसटलेली. सॉल्नेस हिल्डेला सांगतो की बांधकामाची देणगी अलीनकडेही होती. घरं बांधायची नव्हे, लहान मुलांचे जीव घडवायची. माझं काम उभं राहावं म्हणून तिचं काम उद्ध्वस्त व्हावं लागलं. तो स्वतःला अपराधी मानतो कारण धुराड्याला पडलेली भेग त्यानं पाहिली होती आणि मुद्दाम बुजवली नव्हती. घर जळालं तर मोकळ्या जागेत बांधकामं करून नाव काढता येईल, असं मनात आलं होतं. आणि गंमत म्हणजे आग त्या भेगेतून लागलीच नाही. भलत्याच खोलीतल्या कपड्यांच्या कपाटातून लागली. कायद्यानं त्याच्यावर काहीच शाबीत होत नाही. तरी त्याचा अपराध तो दिवसभर उगाळत बसतो, वेताळांच्या आणि अदृश्य मदतनिसांच्या भाषेत, मोठा भव्य करून. बाहुल्यांचं मात्र त्याच्या हिशेबात कुठे नावही नाही. असणार कसं, त्या त्याला माहीतच नव्हत्या. तो बायकोच्या बाबतीत स्वतःला दोषी धरतो आणि तिला काय सलतंय याचा त्याला पत्ताच नाही. तेवीसाव्या वर्षी मला हे विसंगत वाटलं होतं. आता फार ओळखीचं वाटतं. माफी मागणारी माणसं बहुधा भलत्याच गोष्टीची माफी मागतात.

जुळ्या मुलांचं दुःख अलीनला वाटतच नाही असंही आता मला वाटत नाही. त्या दुःखाला घरात भाषा आहे. देवाची इच्छा, कर्तव्य, भेटीला येणाऱ्यांचे पडलेले आवाज. त्या भाषेनं ते दुःख तिच्याकडून कधीच काढून घेतलं. बाहुल्यांसाठी कुणी आवाज पाडून बोलत नाही, म्हणून तेवढ्या तिच्या राहिल्या. त्यासाठी रडलं तर लोक हसतात. हसलोच आम्ही.

'लिटल आयोल्फ'मध्ये कुणी चढत नाही. म्हणूनच की काय, चौघांत हे सर्वांत कमी बोललं जाणारं नाटक. आल्फ्रेड आल्मर्स 'मानवाची जबाबदारी' या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहितोय. त्याचा मुलगा आयोल्फ लंगडा आहे, कारण तान्हा असताना त्याला टेबलावर झोपवून आईबाप शेजारच्या खोलीत एकमेकांत गुंतले आणि तो खाली पडला. जबाबदारीवर ग्रंथ लिहिणाऱ्या बापाच्या घरात हे घडलं. इब्सेन यावर एकही शेरा मारत नाही, ग्रंथाचं नाव तेवढं सांगतो. डोंगरातून आल्मर्स निश्चय करून परततो की ग्रंथ सोडायचा आणि पोराला वाहून घ्यायचं. दुसऱ्याच दिवशी एक उंदीरवाली म्हातारी दारात येते, काही कुरतडणारं आहे का घरात विचारते, आणि आयोल्फ तिच्या मागे मागे जाऊन फ्योर्डमध्ये बुडतो. किनाऱ्यावरून पोरांचा गलका ऐकू येतो, त्यातून एकच ओळ नीट कळते: कुबडी तरंगतेय.

पहिला अंक या ओळीवर संपतो. पुढचे दोन अंक नवराबायको एकमेकांना ओरबाडतात. दुसऱ्या अंकाइतका निर्दय संसार मी रंगभूमीवर दुसरा वाचलेला नाही. तिसऱ्या अंकात आल्मर्स म्हणतो की किनाऱ्यावरच्या त्या झोपड्या पाडून टाकाव्यात, तिथली पोरं पोहणारी असून त्यांनी आयोल्फला वाचवलं नाही. त्याची बायको रिटा म्हणते, मी त्या पोरांना घरात आणीन. आयोल्फच्या खोलीत राहतील, त्याची पुस्तकं वाचतील, त्याच्या खुर्चीवर पाळीपाळीनं बसतील. अनेकांना हा शेवट खोटा वाटतो. श्रीमंत, मत्सरी, पोटच्या पोराचाही दुस्वास केलेली बाई एका संध्याकाळीत समाजसेविका कशी होईल? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण रिटा काय म्हणते ते नीट ऐकायला हवं. माझ्यात एक रिकामी जागा झाली आहे, ती कशानं तरी भरायला हवी, प्रेमासारखं दिसेल अशा कशानं तरी. प्रेमानं, असं ती म्हणत नाही. आणि पाण्याच्या तळाशी उघडे राहिलेले ते मोठे डोळे आहेत, त्यांच्याशी तिला समेट करायचा आहे. एवढं रोखठोक बोलणारी बाई खोटी कशी म्हणायची? मग आल्मर्स अर्ध्यावर उतरवलेला झेंडा टोकापर्यंत चढवतो, आणि शिखरांकडे, ताऱ्यांकडे, त्या मोठ्या शांततेकडे बघायचं, अशी वाक्यं बोलतो. त्याची सवय ती, त्याला वर बघितल्याशिवाय राहवत नाही. पण या वेळी वर जातो तो फक्त झेंडा. माणसं जागच्या जागी उभी राहतात, आणि उद्या सकाळी ती पोरं जेवायला येणार असतात.

'बोर्कमन' मी मुद्दाम शेवटी ठेवला, कालक्रम मोडून. त्याच्यातल्या एका माणसावर माझा जीव आहे, आणि तो बोर्कमन नव्हे.

खाणकामगाराचा मुलगा युन गाब्रिएल बोर्कमन बँकेचा प्रमुख होतो. जमिनीखालच्या धातूच्या शिरा त्याला हाका मारतात, सुटका कर म्हणतात. त्यासाठी तो ठेवीदारांचा पैसा वापरतो. त्याच्याही आधी त्यानं प्रेयसी एलाला त्या खुर्चीसाठी एका वकिलाला देऊन टाकलेलं असतं, आणि तिच्याच जुळ्या बहिणीशी लग्न केलेलं असतं. बोर्कमन पकडला जातो. पाच वर्षं कोठडी, आणि सुटल्यावर आठ वर्षं आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर येरझाऱ्या. खाली बायको त्याची आजारी लांडग्यासारखी पावलं ऐकत बसते. आठ वर्षांत दोघं समोरासमोर बोललेले नाहीत. एला येते आणि सांगते की माणसातलं प्रेमाचं जीवन मारून टाकणं हे क्षमा नसलेलं पाप आहे. बोर्कमनला हा आरोप कळतच नाही. त्याच्या मते चूक एवढीच झाली, की त्याला आणखी आठ दिवस मिळाले नाहीत.

त्याच्याकडे वर येणारा एकच माणूस, विल्हेल्म फॉल्डाल. कारकून. बोर्कमनच्या घोटाळ्यात त्याचेही पैसे बुडालेले, तरी तो येतो. तरुणपणी त्यानं एक शोकांतिका लिहिली होती, ती अजून बगलेत घेऊन फिरतो, वाचून दाखवू का म्हणतो. दोघांचा न बोललेला करार आहे. बोर्कमननं मानायचं की फॉल्डाल कवी आहे, फॉल्डालनं मानायचं की बँकेची माणसं एक दिवस हात जोडून बोर्कमनकडे येतील. दुसऱ्या अंकात करार मोडतो. फॉल्डाल बिचकत शंका काढतो आणि बोर्कमन ताडकन सांगतो, तू कवी नाहीस. इतकी वर्षं आपण एकमेकांना फसवलं, यावर दोघांचं एकमत होतं. फॉल्डाल विचारतो, मुळात मैत्री म्हणजे हेच नाही का? बोर्कमन म्हणतो, हो, फसवता येणं म्हणजेच मैत्री. तरी त्याला हाकलतो.

चौथा अंक. रात्र, बर्फ. बोर्कमनचा मुलगा एरहार्ट बापाचं साम्राज्य, आईचं सूडाचं व्रत, एलाचं वारसपण, सगळं झिडकारून, मला जगायचंय म्हणत मिसेस विल्टन या वयानं मोठ्या बाईबरोबर घसरगाडीतून निघून गेला आहे. गाडीत तिसरी मुलगी आहे. फॉल्डालची लेक फ्रीडा, पियानो वाजवणारी. मिसेस विल्टननं ती का बरोबर घेतली हे ती बोलता बोलता हसत सांगूनही गेली आहे. पुढेमागे एरहार्टला आपला कंटाळा आला तर बिचाऱ्याला कुणीतरी असावं.

या अंकात बोर्कमनच्या तोंडी इब्सेननं फार सुंदर काव्य घातलं आहे. दूरच्या कारखान्यांचा आवाज, खोल झोपलेली खनिजं, मी तुमच्यावर प्रेम करतो असं त्यांना सांगणं. मग धातूचा हात त्याचं काळीज पकडतो. दोघी जुळ्या बहिणी, आयुष्यभर वैर केलेल्या, प्रेतावरून एकमेकींचे हात धरतात. आपण दोन सावल्या, असं एकीनं म्हटल्यावर नाटक संपतं. ते थोरच आहे, वाद नाही. पण त्याआधी, बोर्कमन अजून अंगणात असताना, अंधारातून फॉल्डाल लंगडत येतो. लेकीचा निरोप घ्यायला धावत निघाला होता. वाटेत एका भरधाव घसरगाडीनं त्याला पाडलं आणि ती पायावरून गेली. चष्मा कुठे पडला सापडत नाही. बोर्कमन त्याला सांगतो की तुझी लेक गेली, त्याच गाडीत होती.

वाचक इथे श्वास रोखतो. आणि फॉल्डाल हरखून जातो. माझी फ्रीडा? त्या झोकदार गाडीत? म्हणजे माझ्यातलं थोडंसं काव्य होतं ते तिच्यात संगीत होऊन उतरलं; म्हणजे मी उगाच कवी नव्हतो. जे मोठं जग मी स्वप्नात पाहिलं ते ती आता खरोखर बघणार. घरी बायको रडत बसली आहे, तिला जाऊन हे सांगायला हवं.

आमच्या त्या गटानं हे नाटक वाचायला घेतलंच नाही. घेतलं असतं तर फॉल्डालही कुणाला नको असता, आणि या जागेला आम्ही नक्की हसलो असतो. आता मी एकटी वाचते तेव्हाही हसू येतं, फक्त ते घशातच अडकून बसतं. तो जाता जाता त्या गाडीच्या घुंगरांची आठवण काढतो. चांदीचे होते म्हणे. खऱ्या चांदीचे असतील का, असं त्याला वाटत राहतं, आणि बोर्कमन, त्या रात्री मरायच्या थोडं आधी, त्याला सांगतो की हो, चांदीचेच होते. मग फॉल्डाल लंगडत, चष्म्याशिवाय, बर्फातून घरी जातो.